सोडतीत नाव लागले; पुढे काय?

सदर : संसार आणि व्यवहार



कोपर येथील एका वाचक-बंधूंचे पत्र हाती आले आहे. स्थानकाजवळ त्यांचे भांड्यांचे दुकान आहे. वडिलांनी थाटलेले आणि त्यांनी वाढवलेले. थोरला मुलगा संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी टेक्सासला गेला, शिक्षण पुरे करून तेथेच नोकरीस लागला, आणि मार्चअखेरीस कंपनीच्या वकिलाकडून त्यास कळले की एच-१बी व्हिसाच्या सोडतीत त्याची निवड झाली आहे. घरी पेढे वाटले गेले. पुण्याकडील एका घराण्याशी सोयरिकीची बोलणी चालूच होती, तीही पक्की झाली. वैशाखात साखरपुडा करावा आणि त्यासाठी मुलाने बारा दिवस घरी यावे, असे ठरले. त्याच्याकरिता राखून ठेवलेला शेजारचा गाळा आता दीर्घ मुदतीच्या भाड्याने द्यावा काय, हा विचारही सुरू झाला. एवढे लिहून झाल्यावर शेवटी त्यांनी विचारले आहे की, निवड तर झाली. आता पुढे काय काय होते, आणि आम्ही काय गृहीत धरावे?

प्रश्न एका घराचा असला तरी तो आज अनेक घरांत विचारला जात आहे. अमेरिकी सरकारच्या २०२४ या आर्थिक वर्षात मंजूर झालेल्या एच-१बी अर्जांपैकी सुमारे ७१ टक्के अर्ज भारतात जन्मलेल्यांचे होते. कोपर, डोंबिवली, ठाणे या पट्ट्यात तर ज्या इमारतीत एक तरी मुलगा वा मुलगी संगणकाच्या कामावर नाही, अशी इमारत शोधावी लागेल. म्हणून या वेळचे सदर याच उत्तराला दिले आहे. उत्तराचा सारांश आधीच सांगून टाकतो. निवड म्हणजे व्हिसा नव्हे, तो मागण्याची अनुमती आहे. तिच्या भरवशावर घरातील एकही मोठा निर्णय पक्का करू नये; आणि मुलाला वैशाखात बोलावू नये.

हुंडी लिहिली गेली, सकारली गेलेली नाही

हुंडी हातात पडली म्हणजे रक्कम मिळाली, असे आपल्या वाडवडिलांनी कधी मानले नाही. ज्याच्यावर ती लिहिली त्याने सकारावी, मुदत भरावी, रोकड मोजून घ्यावी आणि मगच रोजमेळात जमा धरावी, ही पेढीची रीत होती. सोडतीतील निवड ही अशीच न सकारलेली हुंडी होय.

आपल्या भागातील पुष्कळांना म्हाडाच्या सोडतीचा अनुभव आहे. पूर्वी तेथे आधी नाव निघत असे आणि मग कागदपत्रांवरून पात्रता ठरत असे. नाव लागूनही घर हुकलेली कुटुंबे आपण पाहिली आहेत. २०२३ पासून म्हाडाने हा क्रम उलटा केला. आता पात्रता आधी पडताळली जाते आणि सोडत नंतर निघते. अमेरिकेच्या सोडतीचा क्रम मात्र अजूनही जुन्या म्हाडासारखा आहे. तेथे आधी नाव काढतात आणि कागद नंतर पाहतात.

याचा पुरावा आकड्यांतच आहे. दरवर्षी एच-१बीच्या ६५,००० सर्वसाधारण जागा, आणि अमेरिकी विद्यापीठांतून पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० जागा, अशा एकूण ८५,००० जागा असतात. २०२६ या आर्थिक वर्षासाठी मार्च २०२५ मध्ये ३,४३,९८१ पात्र नोंदण्या झाल्या आणि त्यांतून १,२०,१४१ निवडल्या गेल्या. जागा ८५,००० आणि निवड सव्वा लाखाच्या घरात, हे कसे? निवड झालेल्यांपैकी कित्येकांच्या कंपन्या पुढे अर्जच करीत नाहीत, आणि केलेले सर्व अर्ज मंजूर होत नाहीत, हे त्या खात्याला ठाऊक आहे. सोडत काढणाऱ्यानेच गळती धरून माल मागवला आहे; तेव्हा घेणाऱ्याने तरी ती विसरू नये.

सोडतीचे नियमही स्थिर नाहीत. २०२० पूर्वी कंपन्यांना आधी पूर्ण अर्ज भरून पाठवावा लागे. त्या वर्षापासून आधी फक्त नाव नोंदवायचे आणि निवड झाली तरच अर्ज करायचा, अशी पद्धत आली. नोंदणीचे शुल्क अवघे १० डॉलर होते. स्वस्त वस्तूची जी गत होते तीच हिची झाली. २०२४ या आर्थिक वर्षासाठी ७,५८,९९४ पात्र नोंदण्या आल्या आणि त्यांपैकी ४,०८,८९१ नोंदण्या अशा उमेदवारांच्या होत्या, ज्यांची नावे एकाहून अधिक कंपन्यांनी दिली होती. पुढील वर्षापासून निवड नोंदणीगणिक न करता व्यक्तीगणिक आणि पारपत्राच्या क्रमांकावरून होऊ लागली. २०२५ च्या नोंदणीपासून शुल्क २१५ डॉलर झाले. डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमाने सोडतीत वेतनश्रेणीलाही वजन दिले. ज्याला अधिक वरच्या श्रेणीचे वेतन देऊ केले आहे त्याचे नाव सोडतीत अधिक वेळा घातले जाते. म्हणून गेल्या वर्षी शेजाऱ्याच्या मुलाला आलेला अनुभव यंदा आपल्या मुलाला लागू होईलच, असे समजू नये.

गुढीपाडव्यापासून दसऱ्यापर्यंत

निवड झाल्यावर काय घडते ते क्रमाने पाहू. एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी की या व्हिसाचा अर्जदार आपला मुलगा नसून त्याची कंपनी आहे. अर्ज कंपनी करते, मागे घेऊ शकते ती कंपनीच, आणि उत्तरदायीही तीच असते.

१ एप्रिलपासून किमान ९० दिवसांची मुदत अर्जासाठी मिळते, म्हणजे साधारणपणे जूनअखेर. त्याआधी कंपनीला अमेरिकेच्या कामगार खात्याकडून एक प्रमाणपत्र घ्यावे लागते. या कामासाठी त्या भागात जे वेतन चालू आहे त्याहून कमी वेतन आम्ही देणार नाही, अशी हमी कंपनीला त्यात द्यावी लागते. या प्रमाणपत्रास साधारण सात कामकाजाचे दिवस लागतात. मग आय-१२९ नावाचा मुख्य अर्ज जातो. त्याबरोबर पदवी, गुणपत्रके, पारपत्र, आतापर्यंतच्या वास्तव्याचे कागद, वेतनाच्या पावत्या आणि कामाचे सविस्तर वर्णन जोडावे लागते. काम विशेष ज्ञानाचे आहे आणि त्या कामाला लागणारीच पदवी उमेदवाराजवळ आहे, हे येथे सिद्ध करावयाचे असते.

यानंतरचे दिवस वाट पाहण्याचे. मंजुरी येते, किंवा अधिक पुरावा मागणारे पत्र येते, किंवा नकार येतो. पुरावा मागणारे पत्र आले की घरातील माणसे हवालदिल होतात; पण तो नकार नव्हे. कर्ज देताना पेढीवर जसा आणखी एक जामीन मागतात, तसाच तो प्रकार आहे, आणि मुदतीत नेटके उत्तर गेले की असे पुष्कळ अर्ज मंजूर होतात. कंपनीने जादा शुल्क भरले तर १५ कामकाजाच्या दिवसांत खात्याकडून काही ना काही उत्तर मिळते. न भरल्यास चातुर्मासाचा बराच काळ वाट पाहण्यात जाऊ शकतो. मंजुरी आली तरी नवा दर्जा सुरू होतो तो १ ऑक्टोबरला, म्हणजे दसऱ्याच्या आसपास. पाडव्याला लागलेली आस दसऱ्याला फळते. मधल्या सहा महिन्यांत घराने संयम ठेवायचा असतो.

विद्यार्थी-व्हिसावर शिक्षण घेऊन तेथेच प्रशिक्षणाच्या परवान्यावर काम करणाऱ्या मुलांची एक शंका असते की, तो परवाना मध्येच संपला तर काय? दर्जा बदलण्याचा अर्ज वेळेत दाखल झाला असेल तर कामाची अनुमती मधल्या काळासाठी आपोआप वाढते. या तरतुदीचा लाभ आपल्या मुलास लागू आहे ना, हे महाविद्यालयाच्या परदेशी-विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे.

वैशाखात मुलाला का बोलावू नये

आता पत्रातील सर्वांत निकडीच्या गोष्टीकडे येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एक घोषणा काढली. तिच्यानुसार २१ सप्टेंबर २०२५ पासून, अमेरिकेबाहेर असलेल्या आणि एच-१बी व्हिसा नसलेल्या व्यक्तीसाठी नवा अर्ज करावयाचा झाल्यास कंपनीने १ लाख डॉलर भरावयाचे आहेत. रुपयांत ही रक्कम ८५ लाखांच्या वर जाते. घोषणा बारा महिन्यांची असून वाढवता येण्याजोगी आहे. अमेरिकेतच राहून विद्यार्थी-व्हिसावरून एच-१बीवर दर्जा बदलून घेणाऱ्यांस ही रक्कम लागू नाही, असा खुलासा ऑक्टोबर २०२५ मध्ये करण्यात आला. परंतु त्याच खुलाशात एक अट आहे. दर्जा बदलण्याच्या अर्जाचा निकाल लागण्यापूर्वी उमेदवार अमेरिका सोडून गेला, तर ही सवलत राहत नाही.

म्हणजे साखरपुड्यासाठी केलेला बारा दिवसांचा प्रवास विमानाच्या तिकिटापुरता उरत नाही. मुलगा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावर उतरेल तेव्हा त्याचा दर्जा बदलण्याचा अर्ज सोडून दिल्यासारखा होईल, आणि तो पुन्हा नेण्यासाठी कंपनीपुढे १ लाख डॉलरचा प्रश्न उभा राहील. नव्याने लागलेल्या मुलासाठी एवढी रक्कम भरणाऱ्या कंपन्या किती निघतील, हे व्यापाऱ्याला सांगावयास नको. अर्ज मंजूर झाला तरी नवा दर्जा १ ऑक्टोबरला सुरू होईपर्यंत वकिलाच्या लेखी सल्ल्यावाचून देश सोडू नये, हे शहाणपणाचे.

मग ऑक्टोबरनंतर यावे काय? यावे, परंतु तेव्हाही एक पायरी उरते. अमेरिकेत दर्जा बदलला तरी पारपत्रावर एच-१बीचा शिक्का नसतो. एकदा बाहेर पडले की परत जाण्यासाठी वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावासात अर्ज भरून, बोटांचे ठसे देऊन मुलाखत द्यावी लागते. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीची सवलत बहुतेकांसाठी संपली आहे, आणि अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच मुलाखत द्यावी असा दंडक झाला आहे. पूर्वीसारखे कॅनडा-मेक्सिकोत जाऊन काम उरकता येत नाही. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांची समाजमाध्यमांवरील खातीही तपासली जाऊ लागली. त्या बदलात भारतातील डिसेंबरच्या पुष्कळ मुलाखती एकाएकी पुढे ढकलल्या गेल्या आणि कित्येकांना मार्च किंवा त्याहीनंतरची तारीख मिळाली. दोन-तीन आठवड्यांच्या रजेवर, कुणी घरच्या लग्नासाठी, आलेली माणसे महिनोन्‌महिने येथे अडकून पडली.

कोपर स्थानकाच्या रहिवाशांना हे समजावणे सोपे आहे. मध्य रेल्वेच्या खालच्या फलाटावर उभे राहून वसईची गाडी मिळत नाही. जिना चढून वर जावे लागते, आणि वर गेल्यावरही त्या मोजक्या गाड्यांपैकी एक येईपर्यंत थांबावे लागते. सोडत हा खालचा फलाट आहे, अर्जाची मंजुरी हा जिना, आणि दूतावासाचा शिक्का ही वरची गाडी.

यास्तव आमचा सल्ला असा की, वैशाखात वडीलधाऱ्यांनी नारळ-साखरेने शब्द पक्का करावा आणि मुलाने तेथूनच दृक्‌श्राव्य संपर्काने उपस्थित राहावे. विधिपूर्वक साखरपुडा व विवाह, मुलाखतीची तारीख हाती आल्यावर ठरवावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलीकडच्यांना आजच स्पष्ट शब्दांत सांगावे की निवड झाली आहे, व्हिसा मिळालेला नाही. सोयरिकीत अर्धे सांगितलेले सत्य पुढे पूर्ण असत्यासारखे बोचते. ज्या घराला हे ऐकूनही संबंध हवा असेल, त्या घराशी जोडलेले नाते टिकते.

मुलीच्या बाजूनेही एक गोष्ट विचारात घ्यावी. एच-१बीधारकाच्या पत्नीस एच-४ व्हिसा मिळतो. त्यावर राहता येते, शिकता येते, पण नोकरी वा धंदा करता येत नाही. २०१५ पासून काही पत्नींना कामाचा परवाना मिळतो. परंतु सामान्यतः पतीचा स्थायी निवासाचा आय-१४० अर्ज मंजूर झाल्यावरच, आणि त्यास काही वर्षे लागू शकतात. पुण्यात स्वतःच्या पायावर उभी असलेली मुलगी तेथे जाऊन काही वर्षे कमाईविना राहण्यास तयार आहे काय, हे तिलाच विचारावे. तिच्या वडिलांचे उत्तर त्या जागी चालणार नाही.

लेटरहेड आपल्याच पेढीचे

आता एक नाजूक विषय. एच-१बीसाठी अमेरिकेच्या चार वर्षांच्या पदवीच्या तोडीचे शिक्षण लागते. आपल्याकडील बी.कॉम. किंवा बी.एस्सी. तीन वर्षांचे असते, आणि उरलेली तूट कामाच्या अनुभवाने भरून काढावी लागते. एका शैक्षणिक वर्षाच्या जागी तीन वर्षांचा संबंधित अनुभव असा तेथील हिशेब आहे. अभियांत्रिकीच्या मुलांना ही अडचण सहसा येत नाही, परंतु वाणिज्य शाखेतून संगणकाकडे वळलेली पुष्कळ मुले आपल्या घरांत आहेत.

अशा वेळी घरात एक सूचना हमखास पुढे येते. काकांची पेढी आहे, मामांचा कारखाना आहे. तेथून तीन वर्षे काम केल्याचा दाखला घेऊ. लेटरहेड आपलेच, शिक्का आपलाच, सही घरातलीच. कुणाचे नुकसान होते?

वाचकहो, नुकसान आपलेच होते, आणि ते भरून न येणारे असते. व्हिसासाठी महत्त्वाच्या गोष्टीत असत्य सांगितले, तर अमेरिकी कायदा त्या व्यक्तीस कायमची प्रवेशबंदी करू शकतो. दूतावासाकडे पडताळणी करणारे कर्मचारी असतात. ते दुकानात दूरध्वनी करतात, पगाराच्या बँक-नोंदी आणि आयकराची कागदपत्रे मागू शकतात. ज्या मुलाच्या नावे त्या तीन वर्षांत कोणताही पगार जमा झालेला नाही, आणि ज्याची महाविद्यालयातील हजेरी त्याच काळातील आहे, त्याच्या हातातील दाखला एका प्रश्नात कोसळतो. सकाळी दुकान उघडणाऱ्या नोकराला विचारले की अमुक येथे काय काम करीत असे, तर तो बिचारा खरे तेच सांगणार.

याउलट, मुलाने दुकानात खरोखर काम केले असेल, पगार बँकेतून घेतला असेल, संगणकीय हिशेब किंवा मालाच्या नोंदीची व्यवस्था त्याने उभारली असेल, तर तो दाखला अभिमानाने द्यावा. त्यात कामाचे नेमके स्वरूप, तारखा आणि आठवड्याचे तास लिहावे. पेढीच्या लेटरहेडला वजन असते ते छपाईमुळे नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या त्यावर खोटे लिहिले गेले नाही म्हणून. एका व्हिसासाठी ती पत खर्च करणे हा तोट्याचा सौदा आहे.

नावांविषयीही हेच सावधपण हवे. आपल्या घरांत शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, पारपत्रावर ‘जैन’ आणि आधारकार्डावर तिसरेच, असे सहज आढळते. ‘शाह’ आणि ‘शहा’ यांचा घोळ तर सर्वपरिचित आहे. सोडतीची नोंदणी पारपत्रावरून होते, म्हणून पुढील प्रत्येक कागदावर त्याच पारपत्राप्रमाणे नाव असावे. मध्येच पारपत्र नवे केले असेल तर जुने जपून ठेवावे आणि कंपनीच्या वकिलास त्वरित कळवावे. विवाह झाला की त्याची नोंदणी महापालिकेत विनाविलंब करून घ्यावी. एच-४ साठी पत्रिका आणि छायाचित्रे पुरत नाहीत, विवाह-प्रमाणपत्र लागते.

ज्यांची मुले ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियाकडे पाहत आहेत, त्यांच्यासाठीही थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण तेथेही सोडत आहे. ब्रिटनने २०२३ पासून १८ ते ३० वर्षांच्या भारतीय पदवीधरांसाठी वर्षाला ३,००० जागांची योजना चालविली आहे. ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून १,००० जागा ठेवल्या आणि पहिल्याच सोडतीत सुमारे ४०,००० जणांनी नोंदणी केली. ब्रिटनच्या सोडतीत नाव आले की ई-पत्रात दिलेल्या मुदतीत व्हिसाचा अर्ज, शुल्क, आरोग्य-अधिभार, क्षयरोग-तपासणीचे प्रमाणपत्र आणि बोटांचे ठसे असे सारे पुरे करावे लागते. शिवाय स्वतःच्या खात्यात २,५३० पौंड सलग २८ दिवस शिल्लक असावे लागतात. येथे व्यापारी घरांत चूक होते. दुकानाच्या खात्यातून रक्कम उचलून मुलाच्या खात्यात टाकायची, कागद काढायचा आणि आठवड्याने परत फिरवायची, ही हातउसन्याची सवय येथे उपयोगी नाही. एक दिवस जरी शिल्लक उणी झाली तरी पुरावा बाद ठरतो. ज्याला या सोडतीत भाग घ्यायचा आहे, त्याने ती रक्कम आधीच स्वतःच्या नावे बाजूला ठेवावी. हा व्हिसा दोन वर्षांचा असतो, वाढवून मिळत नाही, आणि त्यावर पत्नी-मुलांना नेता येत नाही, हेही लक्षात असावे.

खर्च कुणाचा?

अमेरिकेच्या नियमांप्रमाणे एच-१बी अर्जाची प्रमुख सरकारी शुल्के आणि त्या अर्जासाठीच्या वकिलाची फी हा कंपनीचा खर्च आहे. तो उमेदवाराच्या खांद्यावर टाकता येत नाही. तेव्हा, निवड झाली आहे, आता इतके लाख भरा म्हणजे अर्ज करू, असे एखादी मध्यस्थ संस्था म्हणाली तर तेथूनच मागे फिरावे. तेथे पोहोचल्यावर काम मिळेपर्यंत पगार नाही, असे सांगणाऱ्यांपासूनही दूर राहावे. अमेरिकेत प्रवेश केल्यापासून ३० दिवसांच्या आत, किंवा तेथेच दर्जा बदलला असल्यास ६० दिवसांच्या आत, कंपनीवर ठरलेले वेतन देण्याचे बंधन सुरू होते. देण्यास काम नाही ही सबब चालत नाही.

आणखी एक फसवणूक वृद्धांच्या भ्रमणध्वनीवर येते : आपणास अमेरिकेच्या ग्रीन कार्डाची लॉटरी लागली आहे, प्रक्रिया-शुल्क पाठवा. अमेरिकेची ती वेगळी सोडत कमी स्थलांतरित पाठविणाऱ्या देशांसाठी आहे, आणि भारत त्या यादीत बसत नाही. ज्या सोडतीत आपण नावच दिलेले नाही तिचे बक्षीस कुणी देत नसते. असा संदेश आला की पुढे न पाठवता पुसून टाकावा.

तेथे गेल्यावर

सारे सुरळीत झाले आणि मुलगा एच-१बीवर कामाला लागला, तरी दोन गोष्टी घरच्यांनी जाणून घ्याव्यात. पहिली ही की तो ज्या कंपनीने अर्ज केला तिचेच काम करू शकतो. न्यू जर्सीतील मामेभावाच्या दुकानात रविवारी गल्ल्यावर बसणे आपल्याकडे मदत समजले जाते. तेथे ते अनधिकृत काम ठरू शकते. पगार न घेता बसलो, हे उत्तर पुरेल अशा भ्रमात राहू नये. दुसरी, व्हिसा प्रथम तीन वर्षांपर्यंत आणि सामान्यतः कमाल सहा वर्षांपर्यंत असतो. त्यापुढे राहणे स्थायी निवासाच्या अर्जावर अवलंबून असते, आणि नोकरीवर आधारित स्थायी निवासात कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नसल्यामुळे भारतीयांची रांग फार लांब आहे. सहा वर्षांत कायमचे बस्तान, ही समजूत आता ठेवू नये.

येथील हिशेबही आवरावा लागतो. नोकरीसाठी परदेशी गेलेली व्यक्ती परकीय चलन कायद्यानुसार अनिवासी ठरते. तिचे साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. अनिवासी झाल्यावर नवे भविष्य निर्वाह निधी खाते उघडता येत नाही, जुने मुदतीपर्यंत चालवता येते. मुलगा पेढीत भागीदार असेल तर सनदी लेखापालांस विचारून भागीदारी-पत्र आधी नीट करून घ्यावे. तो दूर गेल्यावर प्रत्येक सहीसाठी कागद पाठवीत बसणे कटकटीचे होते.

गाळा आणि पेढे

उरला प्रश्न गाळ्याचा. आमच्या मते तो अकरा महिन्यांच्या करारावर द्यावा, दीर्घ मुदतीने देऊ नये. अकरा महिन्यांत अर्जाचा निकाल कळलेला असेल; कदाचित मुलाखतही झालेली असेल. मुलगा परतलाच तर जागा शाबूत राहील, न परतला तर भाडे चालू राहील. धाकट्यास त्या गाळ्यात रस आहे काय, हेही या निमित्ताने विचारून पाहावे. थोरल्यासाठी राखलेल्या जागेविषयी धाकट्याला बहुधा कुणी विचारलेलेच नसते.

आणि एक विनंती. अशी निवड झाली की अनेक घरे हौसेने अभिनंदनाची चौकट छापून घेतात. ती चौकट पारपत्रावर शिक्का उमटल्यानंतर द्यावी. त्याच इमारतीत अशी मुले असतात ज्यांनी तीन-तीन वर्षे नाव नोंदवले आणि निवड झाली नाही; त्यांच्या अभ्यासात किंवा कर्तृत्वात उणे नव्हते. सोडत गुण पाहत नाही, म्हणून तिच्या निकालावरून कुणाची थोरवी ठरवू नये आणि कुणाला हिणवूही नये. ज्यांचे नाव लागले नाही त्या मुलांना या दिवसांत जेवायला बोलवावे, आणि ताटावर व्हिसाचा विषय काढू नये.

कोपरच्या वाचक-बंधूंनी आज संध्याकाळी दोन कामे करावीत. मुलास दूरध्वनी करून वैशाखाचे तिकीट रद्द करण्यास सांगावे, आणि पुण्याच्या व्याह्यांना दूरध्वनी करून त्याचे कारण सांगावे. दुसरा दूरध्वनी अवघड वाटेल. पण तोच आधी करावा.